ठकूआक्कानं हळद लावली नव्हती

अवसरी बुद्रुकहून फोन आला तेव्हा मी पडवीत शेवग्याच्या शेंगा मोडत बसले होते. फोन वर्षानं घेतला, माझ्या सुनेनं. "हो... हो... कधी?" एवढंच ती बोलली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ठकूआक्का गेल्या. सकाळी चहा घेता घेता." मग आत निघून गेली. मी आणखी दोन शेंगा मोडल्या आणि लक्षात आलं की सालं काढायची राहिलीत. ताट बाजूला सरकवलं. ऐंशीच्या पुढं वय होतं, अंथरूण धरलं नाही, कुणाला हगणं-मुतणं काढायला लावलं नाही, असं मरण मागून मिळत नाही, असं दिवसभरात चार जणींनी मला सांगितलं. सगळं खरं आहे. पण मला रडूच येईना. आक्काचं आणि माझं नव्हे, माझं आणि माझ्या घरच्यांचं एक बोलणं राहिलं होतं, आणि ते आक्का जिवंत आहे तोवर उरकायचं होतं. दहा वर्षं मी ते उद्यावर ढकललं. आता दीड महिना झाला तिला जाऊन. मी चौथी शिकलेली बाई, पुढचं वाचायला-लिहायला पुड्यांच्या कागदांवरून नि जुन्या पेपरांवरून शिकले, तेव्हा मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

आमच्या राजुरीत ठकूआक्का बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायची. तिच्या आधी तिची सासू घालायची. पाटावर बसून पाय लांब करायचे, पायांवर बाळ घ्यायचं आणि मग त्या दोन हातांत बाळ असं काही वळायचं की बघणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत, पण बाळ मात्र गप्प. माझा संदीप झाला तेव्हाची गोष्ट. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर लाल चट्टे उठले, प्रत्येक चट्ट्याच्या मध्ये बारीक पांढुरकी पुळी. माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला, बाहेरचं काहीतरी लागलं म्हणाल्या, उतारा काढायची तयारी सुरू केली. मी एकोणीस वर्षांची, माझं तर दूधच थांबलं भीतीनं. आक्का आली, तिनं पोराला उघडं करून उंबऱ्यातल्या उजेडात धरलं आणि हसायला लागली. "आत्याबाई, ठेवा तो भात खाली. नऊ महिनं पान्यात व्हतं पोर, आता वारं लागलं कातडीला. रुसलीय ती. चार दिसांत आपसूक हसंल. फक्त कुनी काय फासू नका तिला." आणि खरंच, बारशाला पोराचं अंग नितळ.

नवीन बाळाची कातडी म्हणजे तिच्या दृष्टीनं काय होतं हे मला नीट सांगता येणार नाही, पण आपण जसं आभाळ बघून अंदाज बांधतो तशी ती कातडी बघायची. नाकाच्या शेंड्यावर पांढरे ठिपके, ते फोडायचे नाहीत, आपोआप जातात. हातापायाची सालपटं निघतात, ती ओढायची नाहीत. टाळूवर पिवळी खपली धरते, तिला रात्रभर तेल पाजायचं आणि सकाळी मऊ फडक्यानं पुसायचं, नखानं उकरायचं नाही. एका घरात बाळाच्या ढुंगणावर निळाकाळा डाग होता. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, सून बाळ घेऊन सासरी आली आणि सासूनं आरोळी ठोकली की हिच्या माहेरच्यांनी लेकराला चिमटे काढले. व्याही-विहिणींत बोलाचाली थांबायची वेळ आली. आक्का त्या सासूला म्हणाली, "अगं, चिमटा कसला? देवानं शिक्का मारलाय मालावर. तुज्या लेकाला बी व्हता असाच, माज्याच पायावर पालथा पडलेला असायचा तो. चार वर्सांत पुसला. का दावू त्याला इच्यारून?" सगळी बायामाणसं हसली, तो लेक लाजून गोठ्याकडं पळाला आणि भांडण तिथंच मिटलं.

टोमणे मारायला ती कुणाचीच भीड धरायची नाही. भर वैशाखात एका बाळाला दोन झबली, तीन टोपडी, वर गोधडी. मानेला नि काखेत घामोळ्यांचा सडा पडलेला, पोर किरकिरून बेजार. घरचा कर्ता समोरच बसलेला. त्याला म्हणाली, "भाऊ, कांद्याच्या बराखीला वारं लागावं म्हनून फटी ठेवताय, आन पोराला हे असं कोंडलंय? कांदा लई म्हाग झालाय वाटतं." शाळेतली मोठी पोरं बोटांच्या बेचक्यात खाजवत आली की तिला बघताक्षणी कळायचं. म्हणायची, खरूज हाय, आरोग्य केंद्रातून मलम आना आन समद्या घरानं एकाच दिवशी लावा, म्हाताऱ्याला बी लावा, तो न्हाई म्हनंल तरी. एकानं लावलं आन चौघांनी न्हाई लावलं तर ती खरूज घरातल्या घरात पाव्हनचार करत फिरती.

ती जन्मापासून शहाणी होती असं नाही. तरुणपणी तीही कणकेच्या गोळ्यानं बाळाची लव काढायची, हळद-बेसन चोळायची, सगळ्याच करतात तशी. एका बाळाच्या खांद्याची कातडी त्या चोळण्यानं फाटली, त्याला पाणी सुटलं, फोड आले, पोराला ताप चढला. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी तिला सगळ्यांदेखत झापलं. दुसरी असती तर नर्सबाईंच्या नावानं बोटं मोडत घरी आली असती. आक्का दुसऱ्या दिवशी परत गेली आणि म्हणाली, बाई, मला नीट शिकवा. त्या शिकवत गेल्या, ही शिकत गेली. तेव्हापासून तिचा नियम झाला. पहिले चाळीस दिवस हळद नाही, पीठ नाही, पावडर नाही. हलक्या हातानं तेल आणि कोमट पाणी, बस. आणि पाणी घालायच्या आधी बाळ कोरडं, उजेडात, अंगावर काही न लावलेलं असं तिला बघायला मिळालं पाहिजे. बाळाच्या छातीवर ती अंगठा दाबायची आणि उचलायची. मी एकदा विचारलं, हे काय करतेस? तर म्हणाली, "रगत बाजूला झालं की खालचा रंग दिसतो. गोरं उमटलं तर बरं. पिवळं उमटलं तर दवाखाना, मग ते घर कुनाचं बी असू दे."

आता मला त्या आठवड्याबद्दल लिहायचं आहे... मघापासून मी तिचे किस्से सांगतेय ते त्यासाठीच, धीर गोळा व्हावा म्हणून.

दहा वर्षांपूर्वी वर्षाला दुसरी मुलगी झाली, माझी नात समृद्धी. मंचरच्या दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी मला स्वतःला सांगितलं होतं, आजी, बाळ पिवळं वाटलं तर थांबू नका, लगेच घेऊन या. मी मान हलवली. खरं सांगायचं तर माझं ध्यान वेगळ्याच गोष्टीत होतं. पहिली मुलगी, दुसरीही मुलगीच. वर रंगानं सावळी. मी तोंडानं काही बोलले नाही, साखर वाटली, पण मनात म्हटलं, निदान उजळ तरी असू दे. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा, वर्षाच्या माहेरची माणसं येणार. आदल्या दिवशी आक्का पहिल्यांदा आंघोळीला आली, तिनं नेहमीसारखा अंगठा दाबून बघितला आणि म्हणाली, "किंचित पिवळट वाटतीय. पोरं हुत्यात अशी. पर दोन दिस ध्यान ठेवायचं. मला रोज कोरडी दाव." आणि पाचवीच्या दिवशी पहाटे, वर्षाला डोळा लागलेला असताना, मी बाळाला मागच्या खोलीत नेलं आणि दुधाच्या सायीत हळद कालवून तिच्या सगळ्या अंगाला चोळली. मी. माझ्या ह्या हातांनी.

आक्का आली तर पोर केशरासारखी पिवळी. "सुमन, हळद कोनी लावली?" मी म्हटलं, "मीच. पाव्हणे यायचेत, आज राहू दे." तिनं अंगठा दाबून बघितला. म्हणाली, "आता मी काय बघू? बोट दाबलं तरी हळद, उचललं तरी हळद." तिनं धुवायचा प्रयत्न केला, पण हळद कातडीच्या घड्यांत बसते, एका पाण्यात निघत नाही. पूजा छान झाली. विहीणबाई म्हणाल्या, बाळाला काय तेज आलंय! मी खूश होऊन दुसऱ्या दिवशी पहाटे परत लावली. आंघोळ मागच्या न्हाणीत व्हायची, पुढं बाळंतिणीच्या खोलीत वर्षाला काही ऐकू जायचं नाही, तिला वाटायचं आक्काच हळद लावते. त्या दिवशी आक्काचा आवाज चढला. "सुमन, डोळं बघ तिचं. डोळ्यात तर हळद घातली न्हाईस ना? मला पिवळं वाटत्यात. आजच्या आज मंचरला ने." मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "आक्का, तुझ्या डोळ्यांनाच मोतीबिंदू झालाय. हळदच आहे गं ती. बारशाआधी बाळ उंबऱ्याबाहेर काढायचं नसतं, बारसं झालं की नेते." तिनं पदर खोचला आणि गेली.

सातव्या दिवशी समृद्धीनं अंगावर प्यायचं सोडलं. रडणं बारीक आणि चिरकं, मांजराच्या पिल्लासारखं, आणि मध्येच अंग सोडून द्यायची. आक्का आली, तिनं दारातूनच बघितलं. पाटावर बसलीसुद्धा नाही. ओरडली, "पानी उतरवा चुलीवरनं. गाडी काढा!" मंचरला नेलं, तिथून लगेच पुण्याला पाठवलं. निळ्या दिव्याखाली ठेवली, अंगातलं रक्त बदललं. काविळीचं विष मेंदूपर्यंत गेलं होतं. हळदीनं कावीळ होत नाही, हे आता मला कळतं, कुणी तसं समजू नका. हळदीनं ती झाकली. तेवढ्या दोन दिवसांत पोरीचे कान गेले.

तिथल्या डॉक्टरांनी काही वाईट बोलून विचारलं नव्हतं. साधं विचारलं, "आजी, एवढी पिवळी झालेली, घरात कुणालाच दिसलं नाही?" संदीप माझ्या शेजारी उभा होता. आणि माझ्या तोंडातून निघालं, "आंघोळवाली बाई हळद चोळायची, साहेब. त्यामुळं कळलं नाही." एवढी दोनच वाक्यं. बोलले तेव्हा मला वाटलं होतं, डॉक्टरांपुरतं बोलले, विषय संपला.

पोरगी अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत होती तेव्हा संदीप कपडे न्यायला घरी आला, बरोबर मी. गाडी आमच्या दारात न लावता त्यानं सरळ आक्काच्या दारात नेली. भर दुपार, पारावर माणसं बसलेली. त्यानं तिला बाहेर बोलावलं. ती पिठाच्या हातांनीच आली, भाकरी थापत असावी. ज्या माणसाला तिनं पायांवर खेळवलं तो तिला म्हणत होता, "माझ्या पोरीच्या अंगाला काय फासलंस? कुणाला विचारून फासलंस? आयुष्याचं मातेरं केलंस तिच्या!" मी गाडीपाशी उभी. आक्कानं त्याच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. मी बोलेन म्हणून ती थांबली होती, हे मला तेव्हाही कळलं. मी रस्त्याकडं बघितलं. मग ती म्हणाली, "चुकलं माजं, बाबा." आणि आत गेली.

त्या दिवसानंतर तिला राजुरीत फारसं कुणी बोलावलं नाही. कुणी जाहीर काही केलं नाही, नुसतं बोलावणं थांबलं. ज्या बाईनं तीस वर्षं हळद लावू दिली नाही, ती हळद लावणारी बाई झाली. वर्षभरानंतर पंचायतीच्या पाण्याच्या मशिनपाशी आम्ही दोघीच समोरासमोर आलो. तिचा हंडा भरत होता. मी म्हटलं, "आक्का, तू सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "कुनाला? तुज्या लेकाला? आन मग? पोर पेटीत, बाळंतीन रडून अर्धी झालेली. तिनं तुजं तोंड बघून रोज भाकरी खायची व्हती का न्हाई? घर मोडलं असतं, सुमन. मी काय, चार दारं पल्याडची." मी रडायला लागले तर म्हणाली, "रडू नगं, लोक बघत्यात. हंडा उचलू लाग." मी हंडा तिच्या कमरेवर दिला. जाताना वळून म्हणाली, "घाई न्हाई. पर सांग कवा तरी त्यांना. मी हाय तवर सांगितलंस तर बरं."

मी रोज ठरवायचे. आधी पोरगी लहान म्हणून थांबले, मग तिच्या कानाच्या मशिनच्या खेपा चालू झाल्या, मग संदीपच्या पाठीचं ऑपरेशन झालं... थांबायला कारण लागत नाही, ते आपोआप मिळतं. आक्काला चालवेनासं झालं तसं तिची मुलगी तिला अवसरीला घेऊन गेली. यंदा संक्रांतीनंतर मी एकटीच एसटीनं तिला भेटायला गेले. खूप वेळ बसलो. तिची पणती जवळच खेळत होती, तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला इसब उठलेलं. आक्काला आता धड दिसत नव्हतं, तरी हात फिरवून सांगत होती, "साबन कमी लावा, खोबऱ्याचं तेल वल्या अंगावरच लावा, लोकरीचं काय घालू नका." मग माझा हात हातात घेऊन विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगते गं." तेवढ्यात तिच्या मुलीनं चहा आणला आणि आम्ही चहा घेतला. 

दशक्रियेला मी संदीपबरोबर गेले, गावकीत जावं लागतं म्हणून तो आला. आपल्याकडं दशक्रियेला आता माईक असतो. तीन-चार पुढारी येतात आणि ज्यांना मेलेल्या माणसाचं नावही कागदावर बघून वाचावं लागतं ते श्रद्धांजली वाहतात. एक जण म्हणाला, मातोश्रींनी आयुष्यभर काबाडकष्ट केले. माझ्या मागं दोघी बसलेल्या, त्यातली एक दुसरीला हळू आवाजात म्हणाली, "हात चांगला होता म्हातारीचा. पण शेवटी एका पोरीचे कान घालवले म्हणे, हळद चोळून." मग माईकवाल्यानं विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत का? मी बसूनच होते. त्यानं पुन्हा विचारलं. कावळा शिवायला बराच वेळ लावत होता, सगळे नदीकडं बघत होते, कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, आणि तरीही मला उठता आलं नाही. घरी आले आणि वही काढली.

हे लिहून झाल्यावर पेपरला द्यायच्या आधी संदीप आणि वर्षाला समोर बसवून मी सगळं वाचून दाखवलं. आक्काच्या दारातला प्रसंग आला तेव्हा संदीप उठला, चप्पल पायात घातली आणि गाडी काढून अवसरीला गेला, तिच्या मुलीकडं. दिवेलागणीला परत आला. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही. वर्षा जागची हलली नाही. मी वही मिटल्यावर म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, "झालं." मग म्हणाली, "त्या रस्त्यात दिसल्या की मी तोंड फिरवायचे. अगदी त्या गाव सोडून गेल्या त्या दिवशीसुद्धा." तेव्हापासून ती माझं ताट वाढते, रक्तदाबाची गोळी हातावर ठेवते, पण बोलत नाही. तिनं बोलावं असं मीही म्हणणार नाही.

म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहून ठेवते. राजुरीच्या ठकूबाईंनी माझ्या नातीला हळद लावली नाही. त्यांनी वेळेत सांगितलं, दवाखान्यात न्या. हळद मी लावली, नेलं नाही ते मी, आणि खोटं बोलले तेही मीच.

आता समृद्धी राहिली. ती दहा वर्षांची आहे. मशीन लावूनही तिला थोडंच ऐकू येतं, बाकीचं ती ओठांवरून ओळखते, आणि माझे पुढचे दात पडल्यापासून माझं बोलणं तिला निम्मंही कळत नाही. छापलेलं मात्र सगळं कळतं. वाचनात वर्गात तिचा हात कुणी धरू शकत नाही. रविवारची पुरवणी आमच्या घरात पहिली तीच उचलते आणि पायरीवर बसून कोडं सोडवायच्या आधी सगळी पानं वाचून काढते. हे छापून येईल त्या रविवारी मी चहा पिऊन तिच्या शेजारी जाऊन बसणार आहे. ती वाचेल, शेवटपर्यंत वाचेल, आणि मग मान वर करून माझ्याकडं बघेल. तेव्हा मी रस्त्याकडं बघणार नाही.